उलटा हुकूम

साबणाच्या त्या कारखान्यात नव्या माणसाला पक्कं करायची एक रीत होती. कुठल्या भिंतीवर ती लिहिलेली नव्हती, पण जुन्यांना ती स्वतःच्या नावासारखी पाठ होती. नवा आला की त्याला एका जुन्याच्या हाताखाली द्यायचं. जुन्यानं त्याला हाताला धरून सगळं शिकवायचं, त्याच्या चुका पोटात घालायच्या, डबा खायला आपल्या शेजारी बसवायचं. आणि तो जरा रुळला असं वाटलं की एक दिवस, आगाऊ कुणालाही न सांगता, त्याला एक चुकीचा हुकूम सोडायचा. चुकीचा म्हणजे साधासुधा नव्हे. पाळला तर हात जाईल, नाहीतर जीवच जाईल, असा. फोरमन ऐकण्याच्या अंतरावर हवा, एवढी एकच अट. नवा 'नाही' म्हणाला तर तो पक्का. निमूट कामाला लागला तर जुन्यानं त्याला मागे ओढायचं आणि फोरमननं घरी पाठवायचं. पुन्हा संधी नाही. याला सगळे उलटा हुकूम म्हणत.

एरवी ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी माणसंसुद्धा नव्यापाशी याबद्दल ताकास तूर लागू देत नसत. आधी ठाऊक असलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे, हे त्यांना कळत होतं. शिवाय ज्याला 'नाही' म्हणता येत नाही असा माणूस शेजारी उभा असेल, तर आपल्याही जिवाला घोर, हेही कळत होतं.

मास्तरीणबाईंनी असे हुकूम कितीतरी दिले होते. अर्ध्या कारखान्याला त्यांनीच शिकवलं होतं, नाव पडलं ते त्यामुळेच. त्यांच्या हाताखालचे काहीजण घरीही गेले होते आणि त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नव्हतं. माणूस रडत का होईना, दोन हात शाबूत घेऊन गेटाबाहेर पडला, असं त्या म्हणायच्या आणि चहाला जायच्या. या खेपेला मात्र त्यांची झोप उडाली होती. कारण या खेपेला त्यांच्या हाताखाली आलेली नवी म्हणजे त्यांची स्वतःची सून होती.

आणि सून कशी, तर 'हो आई' याखेरीज दुसरा शब्द जिला ठाऊक नाही, अशी.

लोकांच्या घरी सासूसुनेत विळ्याभोपळ्याचं सख्य असतं. सुना उलटून बोलतात, सासवा भांडी आपटतात. मास्तरीणबाईंच्या घरी भांडं कधी वाजलं नाही. शेजारणी त्यांना भाग्यवान म्हणत आणि त्यांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण त्या गुणापायी सुनेच्या आधीच्या दोन नोकऱ्या गेल्या होत्या. कपड्यांच्या दुकानात सगळ्यांची कामं हिच्या गळ्यात पडायची आणि पाठोपाठ सगळ्यांच्या चुकाही. नंतर एका कचेरीत तिनं एकाच सकाळी तिघांना हो म्हटलं, तिघांचीही कामं अर्धवट राहिली आणि तिघांनीही बोट हिच्याकडे दाखवलं. ती एक अक्षर बोलली नाही. घरी येऊन बसली, आणि मग महिनोन्‌महिने बसूनच राहिली. दुपारी खिडकीशी उभी राहून रस्त्याकडे बघायची. शेवटी मास्तरीणबाईंना ते बघवेना. त्यांनी फोरमनपाशी शब्द टाकला, आणि त्यांच्या शब्दाला कारखान्यात वजन होतं.

सून कामाला लागली आणि सगळ्यांना आश्चर्य वाटलं. तिच्या हाताला वळण होतं. साबणाचा लगदा बोटांनी चिमटून तो किती शिजलाय हे ती महिनाभरात ओळखायला लागली. घरी स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली. तिचा नवरा पार्सलची गाडी चालवायचा, तो म्हणे, घरात आता दोन बायकांना साबणाचा वास येतो, मला अंघोळ करायची गरजच उरली नाही. एका संध्याकाळी बसची वाट बघताना ती मास्तरीणबाईंना आपणहून म्हणाली, "आई, मला इथेच राहायचंय. इथून घालवू नका मला." इतकं मोठं वाक्य ती आयुष्यात कुणापुढे बोलली नसेल. मास्तरीणबाईंची झोप उडाली ती त्या रात्रीपासून.

कारण कारखान्यात तिचं नाव पडलं होतं होयबा. कुणी काही सांगो, हिची मान हलायची. कुणी गमतीनं उलट दिशेनं ढकलगाडी न्यायला सांगितली, हिनं नेली. लोक हसले, तीही हसली. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. आणि फोरमन तर आता रोज विचारायला लागला होता, या आठवड्यात आटपताय ना, मास्तरीणबाई?

त्यांनी आधी घरीच रंगीत तालीम घेऊन बघितली. एकदा भाजीत मुद्दाम मूठभर मीठ टाकलं आणि बरी झालीय ना, म्हणून विचारलं. मुलानं पहिला घास थुंकला. सुनेनं पाणी पीत पीत ताट रिकामं केलं आणि चांगली झालीय म्हणाली. भर दुपारी घरातले दिवे लावायला सांगितले, तिनं लावले. वाळलेले, घड्या घातलेले कपडे पुन्हा भिजवायला सांगितले, तर ही बादली आणायला निघाली. लेकी बोले सुने लागे म्हणतात. पण घरात लेक नव्हती, म्हणून मास्तरीणबाईंनी लेकालाच फैलावर घेतलं, की काय रे, आई चुकीचं सांगत असली तरी मान हलवतोस, तोंड नाही का तुला? मुलगा चक्रावून बघत राहिला. सुनेनं आतून पाणी आणून दिलं आणि म्हणाली, आई, चिडू नका, ते पुन्हा नाही असं करणार.

मास्तरीणबाईंना त्या रात्री सुनेचा राग आला, मग स्वतःचा आला. ही घरात आल्यापासून आपण तिला कधी रागे भरलो नाही, हे खरं. पण कधी विचारलं तरी होतं का, की तुला काय वाटतं? नव्हतं विचारलं. गरजच पडली नव्हती. हो म्हणणारी सून कुणाला नको असते?

मग त्यांनी ती गोष्ट केली, जी इतक्या वर्षांत कुणासाठी केली नव्हती. मुलगा बाहेर गेला होता. सून कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मास्तरीणबाई तिच्यासमोर बसल्या, एक चादर ओढून घेतली आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "या आठवड्यात मी तुला काहीतरी भलतंच सांगेन. कामावर. धोक्याचं. तेव्हा नाही म्हणायचं. समजलं? ती परीक्षा आहे."

"हो आई," सून म्हणाली.

मास्तरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला नाही एवढंच. चोरी केल्यासारखं त्यांना वाटत राहिलं. पण दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून त्यांनी चादरीची घडी घातली आणि विषय बंद केला.

आता तो मिक्सर. मिक्सर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. उभा माणूस छातीपर्यंत आत जाईल एवढं पोलादी पातेलं, आणि मधल्या दांड्याला फावड्याएवढी रुंद पाती. लगदा त्यात घुसळला जायचा. एका रंगाचा साबण संपून दुसऱ्याचा सुरू व्हायचा तेव्हा आत उतरून भिंतीला चिकटलेला जुना रंग खरवडून काढावा लागे. असे तीन मिक्सर ओळीनं होते आणि समोरच्या भिंतीवर त्यांचे तीन मुख्य स्विच. उतरणाऱ्यानं आपल्या मिक्सरचा स्विच पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. दोघं उतरणार असतील तर दोन कुलपं. मग मिक्सर सुरू करायचं बटण दाबून बघायचं, आणि काहीच हललं नाही तरच आत पाय टाकायचा. कारण बटण वरच्या मजल्यावरही होतं. वरचा माणूस माल तयार झाला की खाली न बघता ते दाबायचा. कुलूप असलं तर काही होत नसे. कुलूप नसलं तर पाती फिरत.

हे सगळं मास्तरीणबाई झोपेत सांगू शकल्या असत्या, आणि घात झाला तो त्यामुळेच.

त्या सकाळी त्यांचा परीक्षा घ्यायचा मुळीच बेत नव्हता. दुसऱ्या दिवशी घ्यायची, फिरत्या पट्ट्याखालचा साबण हातानं काढायला सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पहाटेपासून डोक्यात तेच. म्हणेल का ही नाही? आणि म्हणाली तरी फोरमनला संशय तर येणार नाही ना? त्यांच्या वाट्याला रोज तीन नंबरचा मिक्सर यायचा. त्या दिवशी फोरमननं सांगितलं, दोन नंबर खरवडा, लाल संपलाय, पांढऱ्याचा माल वर तयार होतोय, जरा हात उचला. मास्तरीणबाई बरं म्हणाल्या. शिडी दोन नंबरला लावली. मग भिंतीकडे गेल्या, आणि त्यांच्या हातानं वर्षानुवर्षांच्या सवयीनं तीन नंबरचा स्विच पाडला आणि त्याला कुलूप घातलं. डोळे त्या वेळी सुनेवर होते. ती हातमोजे चढवत होती, केस टोपीत खोचत होती. एवढीशी पोर, असं काहीसं त्यांच्या मनात आलं.

"इथेच लाव तुझं," त्या म्हणाल्या, "आणि उतर आधी. मी मागून येते."

सुनेनं आपलं कुलूप हातात धरलं होतं. ती भिंतीपाशी आली आणि थांबली. फोरमन दाराशी चहाचा कप घेऊन उभा होता. तिनं हळूच विचारलं, बटण दाबून बघू का? मास्तरीणबाई घाईत होत्या. त्यांनी बटण दाबलं नव्हतं, पण दाबल्यासारखंच त्यांना वाटत होतं. इतक्या वर्षांत एकदाही काही हललं नव्हतं.

"बघितलंय मी सगळं. उतर म्हणते ना."

सुनेनं स्विचकडे बघितलं. मग शिडीकडे. मग सासूकडे. आणि म्हणाली, "नाही."

आवाज बारीक होता, पण मशीन बंद असल्यामुळे सगळीकडे ऐकू गेला.

"हे कुलूप तीनला आहे, आई. आणि शिडी दोनला लावलीय. मी नाही उतरणार."

एवढं बोलून तिनं शिडी बाजूला ओढली, शेजारच्या माणसाला हातानं मागे सारलं आणि दोन नंबरचं बटण दाबलं. मिक्सर घरघरला. पाती जागची हलली आणि लाल रेंद्यातून एक पुरा फेरा मारून गेली. तिनं बटण सोडलं, तेव्हा ती आणखी अर्धा फेरा आपल्याच ओढीनं फिरली आणि थांबली.

मास्तरीणबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांना भिंतीवरचं स्वतःचं कुलूप दिसत होतं, तीनच्या आकड्याखाली, नीट लावलेलं. बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दाराशी टाळी वाजली.

फोरमन कप खिडकीत ठेवून आत आला होता आणि हसत होता. मास्तरीणबाई, काय परीक्षा घेतलीत, तो म्हणाला. मी इतकी वर्षं इथे आहे, कुलूपच चुकीच्या जागी लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. सुनेशी त्यानं हात मिळवला आणि आजपासून तुम्ही पक्क्या, असं सगळ्यांदेखत सांगून टाकलं. मग काय, कामं सोडून माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं, होयबा गेली, आता हिला नाहीबा म्हणा. सून लाजली. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मास्तरीणबाईंनी तिच्या लग्नातसुद्धा बघितला नव्हता. त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं.

कुलूप काढून त्यांनी ते दोन नंबरला घातलं. बटण दाबून बघितलं, पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मग दोघी उतरल्या आणि खरवडायला लागल्या. पात्याला पाठ लागली की मास्तरीणबाईंच्या अंगावर काटा येई. शेजारी सून भराभर हात चालवत होती आणि गुणगुणत होती. आत लाल रंगाचे ओघळ सगळीकडे होते. त्यांच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

पाळी संपली. कपडे बदलायच्या खोलीत दोघीच उरल्या, बाकीच्या बायका बस पकडायला पळाल्या होत्या. सून बाकावर बसून बूट सोडत होती आणि आज तिला बोलण्याचा पूर आला होता. कसली अवघड परीक्षा घेतलीत, आई. मला वाटलं होतं काहीतरी सोपं असेल. पण तुम्ही इतक्या खऱ्यासारख्या बोललात, चिडल्यासारख्या, की मी क्षणभर फसलेच होते.

मास्तरीणबाईंनी कपाटाचं दार लावलं. गप्प राहायचं त्यांनी दिवसभर ठरवलं होतं. पण त्या मुलीच्या तोंडून स्वतःची स्तुती त्यांना ऐकवेना.

"ती परीक्षा नव्हती," त्या म्हणाल्या.

सुनेचा हात बुटाच्या नाडीवर थांबला.

"परीक्षा उद्या घेणार होते मी. आज चुकले. खरंच चुकले. माझं लक्ष नव्हतं."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. मग ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मला दिसलं होतं, आई. तुम्ही कुलूप लावलंत तेव्हाच दिसलं होतं. पण मला वाटलं, ही परीक्षा आहे, म्हणून बोलले. तुम्ही परवा सांगितलं नसतं, तर मी उतरले असते."

"दिसलं असूनही?"

"वाटलं असतं, आईंनी लावलंय म्हणजे बरोबरच असेल. माझंच काहीतरी चुकत असेल."

मास्तरीणबाई मटकन बाकावर बसल्या. सकाळपासून त्यांना जी भीती वाटत होती ती याच्यापुढे काहीच नव्हती. वरच्या माणसाचा माल तयार होता. त्यानं बटण कधी दाबलं, हे त्यांनी विचारलंही नव्हतं, विचारायची हिंमतच झाली नव्हती. आणि ही पोर, डोळ्यांनी चूक दिसत असताना, केवळ आपण म्हणालो म्हणून शिडी उतरली असती. आपण चोरून फोडलेल्या परीक्षेनं तिचा जीव वाचला. आणि ज्या गोष्टीसाठी परीक्षा होती ती तिला अजूनही येत नव्हती. त्यांना रडू आलं. ते त्यांनी पदरानं पुसलं, कारण खोलीला दार होतं आणि दाराबाहेर माणसं होती.

रडून झाल्यावर त्यांचं डोकं पुन्हा जागेवर आलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं. झालं ते झालं, त्या म्हणाल्या. कुणाला काही झालं नाही. तू पक्की झालीस. हळूहळू मी तुला शिकवेन, आता तर वेळच वेळ आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. फोरमनला कळलं तर माझं शिकवणं जाईल, ते एक वेळ जाऊ दे. पण परीक्षा आधीच फोडली हे कळलं तर तुला आजच्या आज घरी बसवतील. पुन्हा ती खिडकी. तेव्हा यातलं एक अक्षर बाहेर काढायचं नाही. नवऱ्यालाही नाही.

सून ऐकत होती. तिनं सोडलेली नाडी पुन्हा बांधायला घेतली.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग हो म्हण."

सून उठून उभी राहिली. तिनं टोपी काढून बाकावर ठेवली, मग उचलून पुन्हा हातात घेतली. "नाही, आई," ती म्हणाली. "मी साहेबांना सांगणार."

मास्तरीणबाईंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग त्यांचं टाळकं सरकलं. त्या इतक्या वर्षांत जे बोलल्या नव्हत्या ते बोलून गेल्या. तुझ्यासाठी मी माझा शब्द घालवला, तुला इथे आणलं, मुलाला काय सांगू, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची एवढी हौस असेल तर माझ्या पायावर कशाला? खाली बस. सासू म्हणून सांगतेय, खाली बस.

"त्यांनी मला पक्कं केलं ते मी नाही म्हणाले म्हणून," सून म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "पण मी म्हणालेच नव्हते. उद्या माझ्या शेजारी कुणी नवीन उभी राहील आणि तिला वाटेल, हिला कळतं. मला नाही जमणार ते, आई."

आणि ती निघाली. मास्तरीणबाई तिला अडवायला उठल्या. अडवलं मात्र नाही. कारण दारातून बाहेर पडताना सुनेचा खांदा चौकटीला आपटला, आणि तिच्या लक्षातही आलं नाही, हे त्यांनी बघितलं. त्या तिच्या मागोमाग चालत गेल्या. तीन मिक्सरांपुढून, भिंतीवरच्या स्विचांपुढून, फोरमनच्या काचेच्या खोलीपर्यंत. वाटेत एकदाही सुनेनं मागे वळून बघितलं नाही.

फोरमन घरी जायच्या तयारीत होता. सून टेबलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, साहेब, मला पक्कं करू नका. मग तिनं सगळं सांगितलं. परीक्षा आधी कळली होती, हे सांगितलं. कुलूप चुकून लागलं होतं, हेही सांगितलं. फोरमनच्या चेहऱ्यावरचं हसू मध्येच कुठेतरी गळून पडलं. त्यानं दारात उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "खरं?"

त्यांना अजूनही सुटता आलं असतं. पोर घाबरलीय, काहीबाही बोलतेय, असं म्हटलं असतं तर फोरमननं त्यांच्यावरच विश्वास ठेवला असता. तो शब्द त्यांच्या जिभेवर आला होता.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "कुलूप मी चुकीचं लावलं. बटण दाबलं नाही आणि दाबलं म्हणाले. आणि परीक्षा फोडली तीही मीच."

फोरमन खुर्चीत मागे टेकला. नियम तुम्हाला मी सांगायची गरज नाही, मास्तरीणबाई, तो म्हणाला. सून मान खाली घालून उभी होती.

"नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझं शिकवणं काढून घ्या. पण हिला घरी पाठवायच्या आधी माझं एक ऐका, साहेब. उलटा हुकूम मी दिलाय. सकाळी नव्हे, आत्ता, कपडे बदलायच्या खोलीत. तोंड बंद ठेव म्हणून सांगितलं. सासू म्हणून सांगितलं, वर धमकावलंही. हिला आधीपासून काही ठाऊक नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. आणि ही तुमच्यापुढे येऊन उभी आहे."

"मी ऐकायला नव्हतो," फोरमन म्हणाला.

अट म्हणजे अट, आणि ती त्यांनीही आजवर मोडू दिली नव्हती. बाहेर दुसऱ्या पाळीची माणसं यायला लागली होती, त्यांचे आवाज येत होते. फोरमननं सुनेकडे बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत, आणि त्याची नजर खाली थांबली.

"सकाळी 'नाही' म्हणालात तेव्हा असे पाय कापत होते तुमचे?"

सुनेनं स्वतःच्या पायांकडे बघितलं. गुडघे लटलट कापत होते. टेबलाला टेकून ते थांबवायचा तिनं प्रयत्न केला, तर टेबलच हलायला लागलं.

"नाही साहेब," ती म्हणाली. "सकाळी नव्हते."

फोरमननं टेबलावरचा कप हलत होता तो उचलून खिडकीत ठेवला. मास्तरीणबाई, उद्यापासून तुमचं कुलूप दुसरं कुणीतरी तपासेल आणि मगच तुम्ही आत उतराल, नव्यांना शिकवणं बंद, तो म्हणाला. त्यांनी मान हलवली. मग तो सुनेला म्हणाला, तुम्ही उद्या पहिल्या पाळीला या, वेळेवर.

सुनेला ते कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर तिनं समोरची खुर्ची ओढली आणि, सासू उभी असताना, कुणाला न विचारता तिच्यावर बसली.